सोनेरी थेंबाचा हिशेब

१७८७ सालच्या मार्च महिन्यात फ्रान्समधील बर्गंडी प्रांताच्या टेकड्यांवरून एक उंच, तांबूस केसांचा परदेशी गृहस्थ लहानशा तट्टावर बसून फिरत होता. दुसऱ्या तट्टावर वाट दाखवायला एक स्थानिक शेतकरी होता. पाऊस, गारा आणि हिम यांनी प्रवासाचे पहिले दिवस गाजवले होते. वेली अजून निष्पर्ण होत्या. गृहस्थाचे उजवे मनगट सहा महिन्यांपूर्वी दुखावले होते आणि त्यावर उपाय म्हणून दक्षिणेकडील एक्स या गावच्या औषधी झऱ्यांकडे तो निघाला होता. तरीही वाटेतल्या प्रत्येक गावी थांबून तो प्रश्न विचारी. जमीन कोणत्या रंगाची, भाव काय, बाटलीत भरण्याचा खर्च किती आणि इथली माणसे पाव कसला खातात? उत्तरे वहीत उतरवूनच तो पुढे जाई.

हा गृहस्थ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे मुख्य लेखक, त्या वेळचे अमेरिकेचे फ्रान्समधील राजदूत आणि पुढे त्या देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन. राजकारणी, वास्तुरचनाकार, विद्यापीठाचे संस्थापक अशा अनेक नात्यांनी त्यांचे नाव घेतले जाते. थंड प्रदेशातील उंची पांढऱ्या वाइनची पारख करणारे पहिले नामवंत अमेरिकन हीदेखील त्यांची ओळख आहे. ही पारख त्यांनी कशी कमावली आणि कोठे ती अपुरी पडली, याची कहाणी त्यांच्या सार्वजनिक कारकिर्दीइतकीच बोलकी आहे.

मदिराच्या देशातून

जेफरसन यांचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियातील शॅडवेल येथे झाला. वडील जमीनदार होते. विल्यम्सबर्ग येथे शिकत असताना प्राध्यापक विल्यम स्मॉल, कायदेपंडित जॉर्ज वाइथ आणि गव्हर्नर फ्रान्सिस फॉकियर यांच्या भोजनाच्या बैठकीत या तरुणाला स्थान मिळाले. संगीत, तत्त्वचर्चा आणि उत्तम जेवण यांचे संस्कार तेथे झाले. मात्र त्या काळच्या व्हर्जिनियात प्रतिष्ठितांचे मद्य म्हणजे मदिरा बेटावरची किंवा पोर्तुगालची, मद्यार्क मिसळून कडक केलेली वाइन. हलक्या, ताज्या, जेवणासोबत घ्यायच्या वाइनची ओळख तेथे फारशी नव्हती.

१७७३ मध्ये फिलिपो माझेई हा इटालियन गृहस्थ व्हर्जिनियात आला. जेफरसन यांनी त्याला आपल्या मॉन्टिसेलो या घराशेजारीच जमीन घ्यायला लावले आणि दोघांनी युरोपीय वेली लावण्याचा घाट घातला. १७७४ च्या मे महिन्यातील कडक हिमाने कोवळी पालवी करपली. पुढे माझेई परदेशी गेला असताना त्याचे घर युद्धकैदी असलेल्या एका जर्मन सेनापतीला भाड्याने दिले गेले. सेनापतीच्या घोड्यांनी उरलेल्या वेली तुडवल्या. पहिला प्रयोग असा संपला.

सप्टेंबर १७८२ मध्ये पत्नी मार्था हिचे निधन झाले. खचलेल्या जेफरसन यांनी दोन वर्षांनी पॅरिसला जाण्याची जबाबदारी स्वीकारली. सोबत थोरली मुलगी होती आणि एकोणीस वर्षांचा जेम्स हेमिंग्ज हा गुलाम होता. जेम्सने फ्रेंच पाककला शिकून घ्यावी, असे ठरले होते. नात्याने तो जेफरसन यांच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊ होता.

दोन गावे, दोन पाव

बर्गंडीतील ज्या पट्ट्यातून जेफरसन फिरले तो पूर्वाभिमुख उतारांचा, चुनखडीच्या जमिनीचा, अरुंद पट्टा आहे. त्याच्या दक्षिण भागात म्युर्सो, प्युलिनी आणि शासान्य ही गावे लागतात. येथे ज्या पांढऱ्या द्राक्षाने नाव काढले, ते शार्डोने. जेफरसन यांनी आपल्या नोंदी द्राक्षाच्या जातीनुसार न करता गावांच्या आणि मळ्यांच्या नावांनी केल्या. बर्गंडीच्या बाटलीवर आजही बहुधा द्राक्षाऐवजी मळ्याचेच नाव ठळक असते.

शार्डोनेचे बर्गंडीतील वैशिष्ट्य तेथील थंडीत आहे. नाशिकमध्ये द्राक्षकाढणी जानेवारी ते मार्च या काळात चालते. बर्गंडीत त्या दिवसांत वेली झोपलेल्या असतात आणि फळ हाती येते ते साधारणपणे सप्टेंबरात. थंड हवेत द्राक्ष सावकाश पिकते. त्यात साखर भरत असतानाच मूळचा आंबटपणा टिकून राहतो. उष्ण हवेत तो लवकर ओसरतो आणि वाइन जड, बोजड लागू शकते. थंड प्रदेशातील चांगल्या शार्डोनेत लिंबाचा, हिरव्या सफरचंदाचा ताजेपणा असतो. ओकच्या पिंपात मुरल्यावर तीत भाजलेल्या सुक्या मेव्याचा आणि लोण्याचा गंध मिसळतो. आंबटपणाच्या कण्यामुळेच ती वर्षानुवर्षे टिकते. अशी वाइन बर्फासारखी गार करून पिण्यात अर्थ नसतो. फार थंड केली की तिचा गंध मिटतो. साधारण १२ अंश सेल्सियस तापमानाला ती खुलते.

यातले रसायन जेफरसन यांच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. शार्डोने हे पिनो आणि गुए ब्लाँ या द्राक्षांच्या संकरातून जन्मले, हे तर १९९९ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. जेफरसन यांच्याजवळ होती ती तुलना करण्याची चिकाटी. लालमधली सर्वोत्तम शाँबर्तँ आणि पांढऱ्यातली सर्वोत्तम मोंराशे या पट्ट्याच्या दोन टोकांना होतात, हे त्यांनी टिपले. दोन्हींचा भाव सारखाच, म्हणजे बाटलीमागे ४८ सू एवढा होता. मोंराशेचा मळा जेमतेम ८ हेक्टरचा. त्याला लागून असलेल्या म्युर्सो गावात मात्र गुत दॉर, म्हणजे सोन्याचा थेंब, या नावाच्या मळ्याची उत्तम पांढरी वाइन अवघ्या ६ सूला बाटली या दराने मिळत होती. काही मैलांच्या अंतरात भावात आठपट फरक होता.

नेमकी येथेच त्यांची वही इतर रसिकांच्या वह्यांपेक्षा वेगळी ठरते. पोमार आणि वोलने या लाल वाइनच्या गावांत माणसे गव्हाचा चांगला पाव खातात आणि शेजारच्या म्युर्सोत राय या भरड धान्याचा, हे त्यांच्या नजरेने टिपले. त्यांनी कारण विचारले. पांढऱ्या वाइनला गिऱ्हाईक मिळण्याची शाश्वती लाल वाइनपेक्षा फार कमी असते, असे उत्तर मिळाले. म्हणजे सोनेरी थेंब पिकवणाऱ्यांच्या ताटात काळा पाव होता. पेल्यातल्या वाइनची किंमत ती पिकवणाऱ्याच्या ताटात शोधणारा रसिक त्या काळी विरळाच.

बोन येथील पिंपे बनवणारा कारागीर एत्येन पारां हा त्यांचा वाटाड्या झाला आणि पुढे खरेदीदारही. त्याच्यामार्फत जेफरसन यांनी मोंराशे मागवली, पण रोजच्या टेबलासाठी निवड केली ती लालमध्ये वोलनेची आणि पांढऱ्यात गुत दॉरची. नावाचा दिमाख बाजूला ठेवून चवीला पैसे मोजण्याची ही रीत होती. वाइन पिंपातून न पाठवता मळ्यावरच बाटलीत भरून पाठवावी, असा त्यांचा आग्रह असे. कारण वाटेत गाडीवाले पिंपातली वाइन पीत आणि भेसळ करीत.

त्या प्रवासात ते पुढे ऱ्होन खोरे, उत्तर इटली आणि बोर्दोपर्यंत गेले. इटलीत साळ बाहेर नेण्यास देहदंडाची शिक्षा होती, तरी त्यांनी कोटाच्या खिशांत भरून ती आणली. जून १७८७ मध्ये ते पॅरिसला परतले. मनगट तसेच राहिले, पण वही भरली होती.

घरचा मळा

१७८९ मध्ये ते मायदेशी परतले. १८०१ ते १८०९ या राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात त्यांच्या भोजनाचा लौकिक झाला. टेबलावर मानाची जागा अशी नसे. पाहुणे येतील त्या क्रमाने बसत. आठ वर्षांत वाइनवर सुमारे ११ हजार डॉलर खर्च झाले. त्यांचे वार्षिक वेतन २५ हजार डॉलर होते आणि हा खर्च त्यातूनच होई. पुढे मित्र जेम्स मन्रो राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा कोणत्या वाइन मागवाव्यात, याची यादी जेफरसन यांनीच पाठवली. हलक्या वाइनवरील आयात कर कमी ठेवावा, म्हणजे लोक व्हिस्कीच्या आहारी जाणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती.

मॉन्टिसेलोच्या उतारावर आपली वाइन पिकावी, ही आस मात्र सुटली नव्हती. १८०७ मध्ये त्यांनी २४ युरोपीय जातींच्या २८७ वेली लावल्या. त्या जगल्या नाहीत. अमेरिकेच्या मातीत फिलोक्सेरा नावाची सूक्ष्म कीड होती. तेथील रानवेली तिला सरावलेल्या होत्या, युरोपीय वेलींची मुळे मात्र ती पोखरून टाकी. ही कीड शास्त्रज्ञांना उमगली ती १८६० च्या दशकात, तिने फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त केल्यानंतर. अमेरिकी मुळावर युरोपीय वेलीचे कलम करणे हा त्यावरचा उपाय ठरला. तो जेफरसन यांच्या हाती आला नाही. आयुष्यभर द्राक्षांचा ध्यास घेतलेल्या या माणसाला घरच्या द्राक्षांची वाइन कधीच करता आली नाही.

उतारवयात पैसा आटला, तशी आवडही त्यांनी मुरड घालून बदलली. बर्गंडीच्या नामवंत मळ्यांची जागा दक्षिण फ्रान्समधील स्वस्त वाइनने घेतली. त्यातही ते चोखंदळ राहिले. उत्तर कॅरोलिनातील स्कपरनाँग या देशी द्राक्षाच्या वाइनचेही त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले.

तळघरातून वर येणारी बाटली

मॉन्टिसेलोच्या भोजनगृहात शेकोटीच्या दोन्ही बाजूंना एकेका बाटलीपुरती अरुंद लाकडी लिफ्ट आहे. ती थेट खाली वाइनच्या तळघरात उतरते. वर पाहुणे रंगलेले असत. झडप उघडली की भरलेली बाटली हजर होई, रिकामी खाली जाई. ती खाली ठेवणारा गुलाम पाहुण्यांना दिसत नसे.

म्युर्सोतील शेतकऱ्याचा पाव ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्यांच्या स्वतःच्या घराची ही रचना होती. जेफरसन यांच्या मालकीची, त्यांच्या हयातीत, सहाशेहून अधिक माणसे होती. गुलामगिरी हा अन्याय आहे असे त्यांनी वारंवार लिहिले, पण घराचा गाडा तिच्यावरच चालवला. पॅरिसमध्ये उत्तम स्वयंपाकी झालेल्या जेम्स हेमिंग्जला १७९३ मध्ये त्यांनी मुक्तीचे लेखी वचन दिले. अट एकच होती, आपली कला त्याने दुसऱ्याला शिकवावी. जेम्सने धाकटा भाऊ पीटर याला तयार केले आणि १७९६ मध्ये तो मुक्त झाला. पीटर गुलामच राहिला. १८०१ मध्ये बाल्टिमोर येथे जेम्सने आयुष्य संपवले. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षे होत असताना, जेफरसन यांचे निधन झाले. त्यांच्यामागे एक लाख डॉलरहून अधिक कर्ज राहिले. मृत्युपत्राने पाच जणांना मुक्त केले. त्यांत घराचा कारभार पाहणारा बर्वेल कोल्बर्ट होता. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोत लिलाव झाला. फर्निचर, गुरे आणि धान्य यांच्याबरोबर १३० माणसे विक्रीला काढण्यात आली. कुटुंबे तुटली. या कर्जाला वाइन हे एकमेव कारण नव्हते. सासऱ्यांकडून वारशाने आलेली देणी, घराची अखंड बांधकामे, मित्राला दिलेली हमी अशी अनेक कारणे होती. परंतु त्या सर्वांची किंमत चुकती केली ती लिलावाच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांनी.

म्युर्सो आज जगातील महागड्या पांढऱ्या वाइनच्या गावांत गणले जाते आणि गुत दॉरचा मळा तेथील वरच्या दर्जाच्या मळ्यांपैकी एक आहे. मॉन्टिसेलोच्या उतारावरही विसाव्या शतकाच्या अखेरीस कलमी वेली पुन्हा लावण्यात आल्या आणि त्या तगल्या. घर पाहायला येणाऱ्यांना भोजनगृहातील ती अरुंद लिफ्ट दाखवली जाते. खाली तळघर आणि स्वयंपाकघरही पाहता येते. तेथे राबलेल्या हेमिंग्ज बंधूंची आणि इतरांची नावे आता सांगितली जातात.