आठ आण्यांची विकेट

‘लगान’मधला कचरा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नांदेडच्या होस्टेलवर काय अन् लातूरच्या मेसमध्ये काय, तो सीन लागला की ताटावरचे हात थांबतात. पण पालवणकर बाळू कोण, असं विचारलं तर दहापैकी नऊजण गप्प! म्हणून सबमिशनच्या गडबडीतही हे लिहायला बसलोय.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. चांभार कुटुंब, वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. क्रिकेट शिकायला ना कोच, ना किट. पारशांच्या क्लबात पीच झाडायचं, रोलर ओढायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तिथं नेट बांधायचं, पीच आखायचं आणि साहेबांना बॉलिंग टाकायची. ग्रेग नावाचा नामांकित बॅट्समन त्यांच्यासमोर तासन्‌तास सराव करायचा आणि आउट झाला की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. हिशोब करा राव, आठ विकेट म्हणजे महिन्याचा पगार! बाळू डावखुरे स्पिनर. बॉल हवेत तरंगत यायचा आणि टप्पा पडला की बाहेर वळायचा. हवेत बॉल का वळतो ते आपण फ्लुइडमध्ये फॉर्म्युल्यासकट शिकतो, बाळूंनी ते नेटमध्ये घाम गाळून शिकलं. पण सरावाला बॅट त्यांच्या हातात कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांची, राबणं बाळूंचं.

गोऱ्यांना हरवायचं तर हा बॉलर हवाच, म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना टीममध्ये घेतलं. मैदानावर ते सगळ्यांच्या बरोबरीचे. टी-टाइम झाला की बाकीचे आत कपबशीत चहा पिणार आणि ज्याच्या विकेटवर मॅच चालली तो बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं पानही वेगळं. मला तर हे वाचून पुढचं पान उलटवेना.

नंतर ते मुंबईला गेले, रेल्वेत नोकरी केली, हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताची टीम इंग्लंडला गेली. टीमने एकूण २३ मॅचपैकी ६ जिंकल्या, म्हणजे दौरा तसा आपटलाच. पण बाळूंनी वयाच्या पस्तिशीत ११४ विकेट काढल्या! खांदा दुखत असूनही.

एवढं करून कॅप्टनशिप? नाही. वर्षानुवर्षे नाही. १९२० साली कॅप्टन पै आजारी पडले, तेव्हा देवधरांना कॅप्टन केलं आणि बाळूंना टीममध्येच घेतलं नाही. भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी थेट माघार घेतली. लोकांत गाजावाजा झाला, मग पै परत आले, बाळू व्हाइस कॅप्टन झाले आणि पै मैदानाबाहेर थांबले तेवढा वेळ टीम बाळूंनी चालवली. पूर्ण कॅप्टनशिप घरात आली ती १९२३ साली, विठ्ठलकडे.

शेवटचा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो. बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचं फार कौतुक होतं. पण १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू गांधीजींच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ च्या निवडणुकीत तर मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्याच विरोधात! आपल्या मराठवाड्यात नामांतराचे दिवस पाहिलेली माणसं घरोघरी आहेत, त्यांना हे सांगितलं तर भुवया उंचावतील. ज्यांनी बाहेर चहा पाजला त्यांच्यासोबतच राहून माणसं बदलतील, असं बाळूंना वाटलं असावं. मला ते पटत नाही. पण मातीचं भांडं त्यांनी हातात धरलं होतं, मी नाही.

निकाल लागला : आंबेडकर १३,२४५ आणि बाळू ११,२२५. ४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळू गेले. फर्स्ट क्लासमध्ये ३३ मॅच, १७९ विकेट, अ‍ॅव्हरेज १५.२१.