जॉन बन्यन व देवाची निवड

यात्रिक क्रमण हें पुस्तक आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. हरि केशवजी ह्यांनीं त्याचें मराठी भाषांतर १८४१ सालीं केलें. मूळ ग्रंथकर्ता जॉन बन्यन हा इंग्लंडांत बेडफर्ड शहरानजीक एल्स्टो गांवीं १६२८ सालीं जन्मला. तो पंडित नव्हता. फुटकीं भांडीं सांधून पोट भरणारा गरीब कारागीर होता.

एकदां बेडफर्डांत कामास गेला असतां कांहीं गरीब बायका दारापाशीं उन्हांत बसून नव्या जन्माविषयीं बोलत होत्या, तें त्यानें ऐकिलें. त्यांचा आनंद पाहून आपलें धर्माचरण केवळ वरवरचें आहे असें त्यास कळून आलें. पुढें त्यास मोठी चिंता लागली. तारण देवाच्या निवडीनें होतें, तर आपण निवडलेले आहों कीं नाहीं, आणि नसल्यास प्रार्थना करून काय लाभ, हें त्यास उमजेना. कृपेचा दिवस टळून गेला असेल, अशीही भीति त्यास वाटे.

तेव्हां लूककृत शुभवर्तमानांतील मोठ्या जेवणाचा दाखला त्यास आठवला. त्या घरीं अजून जागा आहे, आणि ती सांगतांना प्रभूच्या मनांत आपणही होतों, असें वाटून त्यास धीर आला. तरी झगडा लागलाच मिटला नाहीं. पुष्कळ क्लेशानंतर एके दिवशीं शेतांतून जातांना त्यास उमगलें कीं, आपलें नीतिमत्त्व आपल्या मनाच्या बऱ्यावाईट स्थितीवर अवलंबून नाहीं. स्वर्गांत देवाच्या उजवीकडे असलेला ख्रिस्त हाच आपलें नीतिमत्त्व आहे.

ह्या विश्वासाची कसोटी लवकरच झाली. उपदेश केल्यावरून १६६० सालीं त्यास कैद झाली. उपदेश सोडण्याचें वचन दिलें असतें तर सुटका होती. घरीं आंधळी मुलगी होती. तिच्या आठवणीनें त्याचें काळीज तुटे. तरी तो ढळला नाहीं. सुमारें १२ वर्षें तो बंदींत राहिला व नाड्या विणून कुटुंबास हातभार लावी.

१६७८ सालीं यात्रिक क्रमणाचा मूळ ग्रंथ छापून निघाला. त्याच वर्षीं योहानाच्या सहाव्या अध्यायांतील एका वचनावरही त्याचें पुस्तक निघालें. पित्यानें दिलेले सर्व ख्रिस्ताकडे येतील, आणि जो येतो त्यास तो घालवून देणार नाहीं, असा त्या वचनाचा भाव आहे. १६८८ सालीं लंडनांत बन्यन प्रभूमध्यें निजला.

प्रिय बंधुभगिनींनो, निवडलेल्यांची यादी देवानें आमच्या हातीं दिलेली नाहीं. ख्रिस्त मात्र दिला आहे. आम्ही त्याजकडे येतों हेंच देवानें आम्हांस ओढिल्याचें चिन्ह होय. म्हणून मंडळींत कोणी ह्या चिंतेनें खचला असेल, तर त्याजबरोबर वाद न घालितां त्यास प्रभूकडे घेऊन जावें. तेथें अजून जागा आहे.