हिंगण्याची वाट

पुण्याच्या नैर्ऋत्येस, शहरापासून सुमारे चार मैलांवर, हिंगणे बुद्रुक नावाचे एक लहानसे खेडे होते. इ. स. १९०० च्या सुमारास तेथे जावयास धड रस्ता नव्हता. शेतांच्या बांधांवरून आणि काट्याकुट्यांतून वाट काढावी लागे. पावसाळ्यात चिखलाने ती वाट अधिकच बिकट होई. अशा वाटेने रोज सायंकाळी एक किरकोळ देहयष्टीचे गृहस्थ झपझप पावले टाकीत जाताना दिसत. त्यांच्या हातात पुष्कळदा सामानसुमानाचे एखादे गाठोडे असे. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. दिवसभर विद्यार्थ्यांना शिकवावे, सायंकाळी हिंगण्यास जावे, रात्री तेथील झोपडीत राहणाऱ्या निराधार विधवांची विचारपूस करावी, आणि सकाळी पुन्हा तीच वाट तुडवून वर्गावर वेळेवर हजर व्हावे, हा त्यांचा क्रम सुमारे दोन वर्षे चालला होता. हे गृहस्थ म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना आदराने अण्णासाहेब म्हणू लागला आणि महर्षी या पदवीने ते भारतभर ओळखले गेले.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. त्यांचे घर दापोलीजवळच्या मुरुड गावी होते. घरची स्थिती अत्यंत बेताची होती. तथापि आईवडिलांनी मुलांच्या अंगी स्वाभिमान आणि सचोटी बाणविली होती. मुरुडच्या शाळेत त्यांना सोमण गुरुजी लाभले. गावाचे भले व्हावे अशी गुरुजींना मनापासून तळमळ होती. त्यांच्या सांगण्यावरून धोंडोपंत देवळात जमणाऱ्या लोकांना वर्तमानपत्रे वाचून दाखवीत. गुरुजींनी गावात भागभांडवलाचे एक दुकान काढले, तेव्हा हा विद्यार्थी तेथे विनावेतन विक्रेत्याचे काम करू लागला. ते दुकान फार काळ चालले नाही. परंतु सार्वजनिक काम म्हणजे केवळ बोलणे नव्हे, रोज वेळेवर जाऊन तराजू हाती धरणे होय, हा धडा त्या मुलास तेथेच मिळाला.

त्यांची चिकाटी किती होती, हे एका प्रसंगावरून दिसून येते. इ. स. १८७५ मध्ये त्यांना एका सरकारी परीक्षेस बसावयाचे होते. पावसाळ्यामुळे समुद्र खवळलेला, म्हणून मुंबईचा मार्ग बंद. तेव्हा धोंडोपंत आणि त्यांचे सोबती साताऱ्यास पायी निघाले. पाऊस कोसळत होता, ओढे भरून वाहत होते. कुंभार्ली घाट चढून, शंभर मैलांहून अधिक अंतर तुडवून ही मुले साताऱ्यास पोहोचली. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे पुरी व्हावी लागत. धोंडोपंतांची ती झाली होती. पण त्यांची चण लहान. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि वय कमी दिसते म्हणून परवानगी नाकारली. इतका प्रवास व्यर्थ गेला. दुसरा कोणी असता तर हताश होऊन बसला असता. धोंडोपंत आल्या वाटेने घरी परतले आणि पुन्हा अभ्यासास लागले. पुढे ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. नंतर मुंबईस शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण चालविले आणि १८८४ मध्ये गणित हा विषय घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली.

इ. स. १८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यास वळण देणारे ठरले. त्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या, आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले. त्या काळी उच्चवर्णीय समाजात विधवेची स्थिती अतिशय शोचनीय होती. खेळण्याबागडण्याच्या वयात लग्न व्हावे, नवऱ्याचे तोंडही नीट पाहिलेले नसताना वैधव्य यावे, आणि मग केशवपन करून जन्मभर घराच्या कोपऱ्यात राबावे, असे हजारो मुलींचे जिणे होते. पुरुषास मात्र पुनर्विवाह करण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. अण्णासाहेबांपुढेही कुमारिकेशी विवाह करण्याचा सोपा मार्ग मोकळा होता. पण जी गोष्ट आपण न्याय्य मानतो ती स्वतः करावयाची नाही, हे त्यांच्या मनास पटेना. आपले स्नेही नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई ही वयाच्या आठव्या वर्षी विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. १८९३ मध्ये अण्णासाहेबांनी तिच्याशी विवाह केला. त्या पुढे आनंदीबाई अथवा बाया कर्वे म्हणून प्रसिद्धीस आल्या.

या विवाहाबद्दल मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी लहानपणापासून झिजावे, त्याच गावाने पाठ फिरवावी, ही गोष्ट मनास लागण्यासारखी होती. शिवाय या शिक्षेची झळ त्यांच्या आईला आणि भावालाही सोसावी लागली. परंतु अण्णासाहेबांनी गावाविषयी मनात अढी धरली नाही, की आपल्या मार्गावरून पाऊलही मागे घेतले नाही.

एक विवाह करून प्रश्न सुटणारा नव्हता. विधवेस स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, आणि त्यासाठी तिला शिक्षण मिळाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. थोड्याच वर्षांत पुण्यात प्लेगची साथ आली आणि आश्रम शहराबाहेर नेण्याची आवश्यकता भासू लागली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची आपली सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले. तेथे एक झोपडी उभी राहिली, आणि अण्णासाहेबांची ती नित्याची पायपीट सुरू झाली.

अण्णासाहेब स्वभावाने भिडस्त होते. सभा गाजविण्याचे वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. लोकांच्या दारी जाऊन मागणे हे अशा माणसास किती जड जात असेल! पण आश्रमासाठी त्यांनी तेही केले. कोणी रुपये दिले, कोणी आणे दिले, कोणी केवळ अपशब्द दिले. देणगी लहान म्हणून त्यांनी कधी नाकारली नाही, आणि आलेल्या पैशाचा हिशेब ठेवण्यात कधी कसूर केली नाही. आश्रमाच्या कामासाठी त्यांनी वर्गातील तासही चुकविला नाही. कारण पोटासाठी पत्करलेले काम हेदेखील एक कर्तव्यच होय, आणि थोर कार्याच्या नावाखाली त्यात हयगय करण्याचा अधिकार कोणालाच नाही, असे ते मानीत.

मात्र कर्तव्याची वाट नेहमीच सरळ असते असे नाही. कधी कधी दोन कर्तव्ये एकमेकांसमोर उभी ठाकतात. अण्णासाहेबांनी आपली सारी शिल्लक आश्रमास दिली. त्यानंतर पाच हजार रुपयांची आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. ही गोष्ट कळताच बायांना अतिशय दुःख झाले. घरात लहान मुले. उद्या काही बरेवाईट झाले तर त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? बायांचा हा प्रश्न गैरवाजवी नव्हता. आश्रमातील मुली निराधार होत्या हे खरे. पण घरातील मुलांचा आधार तरी दुसरा कोण होता? अण्णासाहेबांनी आपला निश्चय बदलला नाही, परंतु त्या निश्चयाचा भार त्यांच्या एकट्यावर पडला नाही. त्याचा मोठा वाटा बायांनी उचलला. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणकामाचे शिक्षण घेतले, काटकसरीने संसार रेटला, मुलांना वाढविले, आणि पुढे संस्थेसाठी स्वतः वर्गणीही गोळा केली. अण्णासाहेबांचे चरित्र वाचताना बायांचे हे मूक कष्ट विसरून चालणार नाही. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. मोठेपणी अक्षरे गिरवून त्या शिकल्या, आश्रमाचा कारभार त्यांनी सांभाळला आणि निधी मिळविण्यासाठी त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

लहानशा झोपडीतून काम वाढत गेले. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णासाहेबांच्या वाचनात आली, आणि १९१६ मध्ये त्यांनी भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. आरंभी महाविद्यालयात बोटांवर मोजण्याइतक्याच विद्यार्थिनी होत्या. अनेकांनी या उद्योगाची चेष्टा केली. परंतु १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठास स्थैर्य आले. आज हे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ मुंबईत आहे आणि तेथे हजारो मुली शिकत आहेत.

एवढे झाल्यावर कोणीही विसावा घेतला असता. अण्णासाहेबांना मात्र वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, एक नवेच काम दिसले. पुष्कळ खेड्यांत शाळा नव्हत्या. त्यांनी ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले, आपल्या निवृत्तिवेतनातून त्यास मदत दिली आणि पुण्यात घरोघर फिरून लोकांकडून पैसा पैसा गोळा केला. महिला विद्यापीठाचे संस्थापक दारात उभे राहून चार पैशांची वर्गणी मागत आहेत, हे पाहून लोक संकोचून जात. अण्णासाहेबांना त्यात कमीपणा वाटत नसे. १९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद नाहीसा व्हावा म्हणून त्यांनी समता संघ काढला.

ज्या समाजाने त्यांना वाळीत टाकले होते, तोच समाज पुढे त्यांचा गौरव करू लागला. १९५८ मध्ये, त्यांच्या वयास शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च किताब अर्पण केला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे दीर्घ आयुष्य कृतार्थपणे जगून, अण्णासाहेबांनी देह ठेवला.

कर्तव्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणांगणावरील वीर उभा राहतो, आणि तसा प्रसंग आपल्या वाट्यास आलाच नाही असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. अण्णासाहेबांच्या जीवनात रणांगण नव्हते. होती ती चार मैलांची वाट. ती एकदा चालून जाणे कोणासही कठीण नाही. पाऊस असो, थकवा असो, कोणी पाहत असो वा नसो, ती रोज चालणे, हे मात्र कठीण. वेळेवर घेतलेला तास, चोख ठेवलेला हिशेब, आजारी मुलीची केलेली विचारपूस, अशा लहान लहान गोष्टींतूनच एवढे मोठे कार्य उभे राहिले.

हिंगणे बुद्रुक हे खेडे आता पुणे शहरात मिसळून गेले आहे. तेथील वस्तीस कर्वेनगर असे नाव आहे. त्या वाटेवर आता चिखलही नाही आणि काटेही नाहीत. दप्तर घेतलेल्या मुली रोज सकाळी त्या रस्त्याने शाळा-महाविद्यालयांकडे जातात. त्यांच्यासाठी ती वाट कोणीतरी एकेक पाऊल टाकून तयार केली आहे.