पीच झाडणाऱ्या पोराने इंग्लंड गाजवलं, पण कॅप्टनपद काही मिळालं नाही

१९११ साली हिंदुस्थानचा क्रिकेट संघ बोटीने इंग्लंडला गेला. कॅप्टन पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. हिंदू, पारशी, मुसलमान सगळे एकाच टीममध्ये. टीमने सामने जिंकले त्यापेक्षा हरले जास्त. पण एका डावखुऱ्या स्पिनरने दौऱ्यात शंभरहून जास्त विकेट काढल्या.

नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. समाज चर्मकार, वडील लष्करात. पोरवयात बाळू पुण्यातल्या पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर पीच झाडायचे. मग गोऱ्यांच्या क्लबात गेल्यावर पगार वाढला. तिथे ते साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकू लागले. असं सांगतात की, आपली विकेट काढली की ग्रेग नावाचा साहेब त्यांना आठ आणे द्यायचा. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही.

गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवेत, हे पुण्यातल्या हिंदू टीमलाही कळलं. त्यांना घेतलं. मैदानात बॉल सगळ्यांच्या हातातून फिरायचा. चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात चहा. जेवणाचं ताटही वेगळं.

पुढे ते मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन टीमला हरवलं. त्या विजयात बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम, दोघेही होते. १९११ च्या दौऱ्यावरही हे दोघे भाऊ सोबत गेले.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत सत्कार झाला. या सत्काराशी तरुण भीमराव आंबेडकरांचंही नाव जोडलं जातं. योगायोग बघा, १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत हेच दोघे समोरासमोर आले. बाळू काँग्रेसचे उमेदवार होते. साधारण दोन हजार मतांनी ते हरले.

इतकं होऊनही हिंदू टीमचं कॅप्टनपद बाळूंना कधीच मिळालं नाही. आड आली ती जात. १९२० मध्ये हा वाद इतका पेटला की पालवणकर भाऊ टीममधून बाहेर पडले. अखेर १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कॅप्टन झाला. तोवर बाळूंचं खेळायचं वय सरलं होतं.

१९५५ मध्ये बाळू गेले. साहेबांचा खेळ त्यांना सातासमुद्रापार घेऊन गेला. घरच्या टीममध्ये मात्र पॅव्हेलियनचं दार उघडायलाच कित्येक वर्षं गेली.