श्रीरामपूरची सभा

इ. स. १८८३ च्या फेब्रुवारी महिन्यात बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयात एक सभा भरली होती. व्याख्यान देण्यास उभी राहिली होती अवघ्या सतरा वर्षांची एक महाराष्ट्रीय स्त्री. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही यमुना. नवव्या वर्षी तिचा विवाह झाला व ती गोपाळराव जोशांची आनंदीबाई झाली. पुढे दहा दिवसांचे मूल दगावले. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा तिचा निश्चय झाला.

आनंदीबाईंचे म्हणणे सरळ होते. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्यास दुखणे सांगण्यास संकोचतात. तेव्हा स्त्री-वैद्य हवेत, आणि ते शिक्षण घेण्यास अमेरिकेस गेले पाहिजे. पण लोकांत चर्चा चाले ती निराळीच. ही बाई धर्म सोडणार, अशी आवई उठली. वास्तविक, तुम्ही आधी ख्रिस्ती व्हा, हा मिशनऱ्यांचा सल्ला या दांपत्याने पूर्वीच मानला नव्हता! जे त्या कधी बोलल्याच नाहीत, त्याचेच खंडन करण्यात लोक रंगून गेले होते. असले खंडन करावयास श्रम ते कितीसे पडणार?

आनंदीबाई रागावल्या नाहीत, की रडल्या नाहीत. लोकांचे आक्षेप त्यांनी स्वतःच एकेक करून सभेपुढे मांडले. येथेच का शिकत नाही? मद्रासेस महाविद्यालय आहे हे त्यांनी मान्य केले; परंतु येथील स्त्रियांचे वैद्यकशिक्षण अपुरे कसे, तेही सांगितले. एकटी का जाते? पतीवर वृद्ध मातेचा व धाकट्या भावांचा भार होता. राहिला धर्माचा प्रश्न. आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, हे त्यांनी निक्षून सांगितले. बहिष्कार घालावयाचा तर तो आजच का घालू नये, असेही विचारले. विरोधकांच्या तोंडी मात्र त्यांनी एकही खोटा शब्द घातला नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. परदेशातही त्या लुगडेच नेसत. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांच्या हाती यावयाचा होता. पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. हिंदू म्हणून गेलेल्या आनंदीबाई हिंदू म्हणूनच परत आल्या होत्या.