रुग्णांच्या डोक्यावर छप्पर धरणारे संत गाडगे महाराज

लुर्द मातेच्या सणाच्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, जागतिक ख्रिस्तसभा रुग्ण दिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये ही प्रथा घालून दिली. त्यानंतर बाराच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, संत गाडगे महाराजांची जयंती येते. महाराज आपल्या धर्माचे नव्हते; परंतु रुग्णसेवेचा विचार करताना त्यांचे जीवन आपणा ख्रिस्ती भाविकांना पुष्कळ शिकवून जाते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. दारूच्या व्यसनाने वडील लवकर गेले. मामाच्या घरी गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात त्यांचे बालपण सरले. शाळेचा लाभ झाला नाही. १९०५ मध्ये त्यांनी घरदार सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मडक्याचे गाडगे एवढाच त्यांचा संसार होता. दिवसा ते गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून व्यसन, कर्ज, पशुहत्या व अस्पृश्यता यांवर प्रहार करीत. एकुलता एक मुलगा गेल्याची वार्ता कीर्तनातच कानी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःसाठी वापरला नाही. त्यातून नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात दलित यात्रेकरूंना कोणी थारा देत नसे. म्हणून त्यांच्यासाठी महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. कुष्ठरोगी व अपंग यांना त्यांनी अन्नवस्त्र दिले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभारली. स्वतः मात्र ते अशा वास्तूंत राहत नसत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला.

कर्करोग जातपात पाहत नाही. उपचाराची वाट मात्र सर्वांना सारखी नसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांना जे भोगावे लागते, तेच आपल्याकडे दलित, आदिवासी व भूमिहीन यांच्या वाट्याला येते. रोग उशिरा कळतो, रुग्णालय दूर असते आणि मजुरी बुडते. आपल्या किनवट तालुक्यातील इस्लापूर परिसराचेच पाहा. येथील रुग्णाला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचे, तर नांदेडमार्गे रात्रभराचा प्रवास करावा लागतो. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात गरिबांना मोफत वा अल्प खर्चात उपचार मिळतात. परंतु किरणोपचार आठवडेच्या आठवडे चालतात. तेवढे दिवस महानगरात राहायचे कोठे? पदपथावर झोपावे लागले तर उपचार अर्ध्यावर सुटतो, आणि बरा होऊ शकणारा माणूसही हातचा जातो.

महाराजांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. औषध द्यायला वैद्य असतो, पण आसरा कोणीतरी द्यावा लागतो, हे त्यांच्या कार्याचे सार होय. त्यांच्या पश्चात त्यांच्याच नावाने मुंबईत दादर येथे चालणारी धर्मशाळा बाहेरगावच्या कर्करुग्णांना व त्यांच्या नातलगांना अल्प मोबदल्यात निवारा देते. तेथे शेजारच्या खाटेवरील माणसाची जात कोणी विचारीत नाही.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याने जखमी प्रवाशाच्या जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याला उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाचीही तजवीज केली. आपण बहुधा पहिल्या भागापाशीच थांबतो. रुग्णासाठी प्रार्थना करतो, भेटून येतो. पण प्रवासाचे भाडे, सोबतीचा माणूस, मागे राहिलेल्या मुलांचे जेवण याकडे आपले लक्ष जात नाही. आपल्या धर्मग्रामातील एखादे कुटुंब उपचारासाठी मुंबईला निघाले असेल, तर त्याच्या मुक्कामाची व्यवस्था झाली आहे काय, एवढी चौकशी आपण प्रत्येकाने करावी. रुग्णांचे आरोग्य असलेली पवित्र मरिया आपणांस ही सद्बुद्धी देवो.