विश्लेषण : राजा रविवर्मांनी रंगवलेल्या स्त्रिया घराघरांत कशा पोहोचल्या?

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात एक तैलचित्र आहे. हाती वाद्ये घेतलेल्या, वेगवेगळ्या प्रांतांच्या वेशातील ११ स्त्रिया त्यात एकत्र बसल्या आहेत. नऊवारीतील मराठी स्त्रीही त्यांत आहे. १८८९च्या सुमारास हे चित्र रंगवणारे राजा रविवर्मा पुढे मुंबईत छापखाना काढून कर्जबाजारी झाले.

तैलरंग कुठे शिकले?

२९ एप्रिल १८४८ रोजी केरळमधील किळिमानूर येथे त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते त्रावणकोरच्या दरबारात आले. तैलरंगाचे तंत्र तेव्हा येथे नवे होते आणि रीतसर शिकवणारे कोणी नव्हते. दरबारात आलेले युरोपीय चित्रकार थिओडोर जेन्सन यांचे काम पाहून आणि स्वतः चुकतमाकत त्यांनी ते आत्मसात केले. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १८९३ला शिकागोच्या प्रदर्शनात त्यांची स्त्रियांची १० चित्रे होती.

छापखाना का काढला?

राजेरजवाड्यांसाठी रंगवलेले चित्र महालातच राहते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठीही त्यांनी १४ पौराणिक चित्रे केली होती. चित्रांच्या रंगीत प्रती छापाव्यात, असा सल्ला त्रावणकोर आणि बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी पूर्वीच दिला होता. अखेर १८९४मध्ये बंधू राजराजा वर्मा यांच्यासह गिरगावात छापखाना सुरू झाला. दगडी ठशांवरून, एकेक रंग वेगळा छापून चित्र तयार होई. लक्ष्मी, सरस्वती सामान्यांच्या भिंतीवर आल्या. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांनाही देव घरी आणता आला.

मग तोटा का झाला?

परदेशी यंत्रे, जर्मन तंत्रज्ञ यांचा खर्च मोठा होता. त्यात मुंबईत प्लेग आला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तरी कर्ज फिटले नाही. शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला.

पुढे काय झाले?

१९०५मध्ये राजराजा वर्मा वारले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, ५८व्या वर्षी रविवर्मांचेही निधन झाले. मळवलीच्या छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी पुढे तेच पौराणिक देव पडद्यावर आणले.